प्रेक्षक गॅलरीतील तरुण



अलेक्सी द तोकव्हिल हा पंचविशीतला फ्रेंच न्यायाधिकारी १८३१ मध्ये अमेरिकेस गेला. निमित्त तुरुंगांच्या पाहणीचे होते; मनात मात्र लोकांचे राज्य प्रत्यक्षात कसे चालते, हे जाणण्याची ओढ होती. भारतीय तरुणाला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. आज संविधान सदन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिल्लीतील वास्तूत ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा भरली आणि तिच्या प्रेक्षक गॅलरीत सामान्य नागरिकालाही जागा मिळाली.

तेथे बसलेल्या तरुणाच्या दृष्टीस काय पडले असेल? १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला. सभेत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. तरीही १६ डिसेंबरला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठले आणि मुस्लिम लीग व संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव थांबवावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. ती अनेकांना रुचली नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनपेक्षितपणे बोलण्यास पाचारण केले. बाबासाहेबांनी जयकरांची बाजू उचलून धरली. सभेला अधिकार आहे, हे त्यांना मान्य होते. तो त्या घडीला वापरणे शहाणपणाचे आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. सभेने शांतपणे ऐकून घेतले. ठराव लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

ठराव संमत होईपर्यंत लीग आली नाही. तथापि बहुमताने स्वतःला आवर घातला, ही गोष्ट घडून गेली होती. पुढे त्याच वर्षी २९ ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीची धुरा बाबासाहेबांकडेच आली. भिन्न सूर लावणाऱ्याला सभेने दूर लोटले नाही.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोप करताना राजेंद्रबाबूंनी सभेच्या ११ अधिवेशनांचा हिशेब दिला. त्यात प्रेक्षकांचाही आकडा होता: ५३,०००. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. पण राज्यघटना बंद दाराआड लिहिली गेली नाही, याचे ते साक्षीदार होत.

शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालकांनी एक संकल्प करावा. मुलांना संसदेच्या किंवा विधानसभेच्या गॅलरीत एकदा तरी न्यावे आणि परतताना ‘कोण जिंकले?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणी कोणाचे ऐकून घेतले?’ असे विचारावे.