नाक दाबल्यावाचून

नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. भाऊबंदकीत, उधारी वसूल करताना, गावच्या राजकारणात ती आपण सर्रास वापरतो. पण ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात ही नुसती म्हण नाही, तो प्रत्यक्ष चालणारा प्रकार आहे. आजीनं पाय पसरायचे, पायांच्या खळग्यात बाळाला उताणं निजवायचं, आईनं हात धरायचे, आत्यानं नाक दाबायचं, आणि तोंड उघडलं रे उघडलं की बोंडल्यातली गुटी आत. पोर ठसकतं, रडून लालबुंद होतं, निम्मी गुटी लाळेबरोबर हनुवटीवर येते, आणि आजी म्हणते, "गेली बाई एकदाची!"

मी लहान असताना आमच्या घरी सुटीच्या दिवशी सकाळी एरंडेल देत. चुलते हात धरायचे आणि आई वाटी तोंडाला लावायची. आता मी सत्तरीला आलो. एरंडेलाची चव नेमकी कशी होती ते मला धड सांगता येणार नाही, पण चुलत्यांच्या हाताची ती पकड मला अजून मनगटावर जाणवते. मुलांना औषधाची भीती का वाटते, हे मला पुस्तकांनी शिकवलं त्याच्या कितीतरी आधी त्या पकडीनं शिकवलं होतं. तरी डॉक्टर झाल्यावर मी काय केलं? तेच केलं.

इंदापूर तालुक्यात दवाखाना घालून मला सहाएक महिने झाले असतील. एक बाई अडीच वर्षांचं तापलेलं पोर घेऊन आली. "पातळ औषध काही केल्या घेत नाही, थुंकून टाकतंय," म्हणाली. तरुणपणाची घमेंड होती. म्हटलं, आणा इकडं. नाक दाबलं, चमचा ओतला. पोराचं रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, गिळलं. पण ते गिळणं नव्हतं. ओठ निळसर पडायला लागले. हातावर पालथं घेऊन पाठीत थापा मारल्या, तेव्हा खोकला फुटला, उलटी झाली आणि श्वास परत आला. हे सगळं मिनिटभरात झालं असेल. त्या बाईनं मला एक शब्दसुद्धा बोलला नाही. पोराला उराशी धरून ती चालती झाली आणि पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

झालं होतं ते असं. अन्नाची नळी आणि श्वासाची नळी, या दोहोंची तोंडं घशात अगदी शेजारी शेजारी असतात. घास गिळताना श्वासाच्या नळीवर आपोआप झाकण पडतं. पण रडणारं मूल मध्येच मोठा श्वास आत ओढतं. नाक बंद असलं म्हणजे तो सगळा श्वास तोंडातूनच ओढावा लागतो, आणि तोंडात औषध असेल तर तेही त्याच्याबरोबर श्वासनळीकडे जातं. पातळ औषधानं नुसता ठसका लागेल, क्वचित त्याहून जास्त काही होईल. गोळी असली तर ती नळीत अडकून जीवावर बेततं. म्हणून पहिली गोष्ट ही की, मूल रडत असताना त्याच्या तोंडात औषध घालायचं नाही, आणि उताणं निजवूनही घालायचं नाही. मांडीवर बसतं करा आणि हुंदका ओसरू द्या. पाच मिनिटं गेली तरी ताप कुठं पळून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हुंदका ओसरला तरी पोर तोंड उघडत नाही, त्याचं काय? खरं आहे. इथंच आपण एक चूक करतो. औषध कडू आहे म्हणून मूल घाबरतं, असं आपण धरून चालतो. कारल्याची भाजी नको म्हणणारं मूल तोंड वाकडं करतं, पण थरथर कापत नाही. जे कापतं त्याला कडूपणाची नाही, दुसऱ्याच कशाची तरी भीती असते, आणि ती कशाची हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

नीरा डाव्या कालव्याच्या एका पोटचारीवरची वस्ती. पाच वर्षांचं पोर, छातीत कफ, ताप. मी लिहून दिलेलं औषध गोड होतं, संत्र्याच्या वासाचं. तरी बाटली दिसली की ते खाटेखाली शिरायचं. बापानं दोन चापट्या दिल्या, आईनं पेढ्याचं आमिष दाखवलं. मी वस्तीवर गेलो. त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि विचारलं, "कडू लागतं का?" मान हलवली, नाही. "वास येतो?" नाही. मग बराच वेळ गप्प. शेवटी माझ्याकडे न बघता, आजीचा पदर धरून ते हळूच म्हणालं, "औषध प्यालं की माणूस मरतंय."

आजीनं पदर तोंडाला लावला. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या मळ्यातला एक माणूस गेला होता. बायकांनी रात्री ओट्यावर बसून तीच चर्चा केली होती, की त्यानं औषध घेतलं. पोर झोपलंय असं सगळ्यांना वाटलं होतं. आणि एवढंच नव्हतं. त्याचा बाप पाठीवर पंप लावून उसावर, डाळिंबावर फवारणी करायचा. पोर डब्याजवळ गेलं की ओरडायचा, "हात लावू नको, औषध हाय त्ये, मरशील!" दिवसभर ज्याला हात लावला तर मरशील म्हणायचं, तेच दिवेलागणीला चमच्यात ओतून "गप गिळ" म्हणायचं. पोरानं काय समजायचं? मला तर वाटतं, सबंध घरात त्या दिवशी शहाण्यासारखा विचार त्यानं एकट्यानं केला होता.

आपल्या बोलीत हा एकच शब्द दोन कामं करतो. पिकावरचं औषध, उंदराचं औषध, तणाचं औषध, आणि पोराच्या खोकल्याचंही औषधच. बारामती-इंदापूरच्या बागायती गावांत तर घराघरांत हे दोन्ही असतात, कित्येकदा एकाच फळीवर. त्या बापाला मी एवढंच सांगितलं की, आजपासून पंपातल्या वस्तूला विष म्हणा. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा निम्मा भाग रंगीत असतो. तांबडा सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र कुणी समजू नये. ते चित्र बापानं पोराला लांबून दाखवलं, आणि माझ्या बाटलीवर तसं चित्र नाही हेही दाखवलं. डबे कुलपात गेले. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं तणनाशकही तेव्हाच सापडलं. ते कुणाच्या हाती लागलं असतं तर, हा विचार आजही नको वाटतो.

तिसऱ्या दिवशी पोरानं औषध घेतलं. हसत घेतलं असं नाही, चांगलं तोंड वाकडं करून घेतलं. पण चमचा त्याच्या स्वतःच्या हातात होता.

खोटं बोलण्याबद्दल थोडं सांगतो. "हा खाऊ आहे", "ही गोळी म्हणजे चॉकलेट आहे" असं सांगून औषध देणं सोपं वाटतं. एकदा जमतं. दुसऱ्या वेळी मूल खाऊसुद्धा हुंगून बघतं. आणि त्याचा विश्वास बसलाच, तर ते जास्त वाईट. गरोदर आईच्या रक्तवाढीच्या गोळ्या, लोहाच्या, फडताळात असतात. चॉकलेट म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलानं त्या मूठभर खाल्ल्या तर ते भयंकर विष ठरतं, आणि वेळेवर इस्पितळात पोचलं नाही तर मूल हाताशी लागत नाही. तेव्हा कडू असेल तर कडू आहे म्हणा. "कडू आहे, पण तीन घोटांत संपतं, मग गुळाचा खडा," असं म्हणा, आणि ते तीन घोटांतच संपवा. चौथा घोट पाजलात की तुमची पत गेली. तसंच "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचील" ही धमकी. बागुलबुवाच्या जागी आम्हां डॉक्टरांना बसवून आपण काय मिळवतो कोण जाणे! ते पोर खरंच आजारी पडलं की माझ्याकडंच येणार ना?

घरात करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. बाटलीबरोबर मापाचं टोपण येतं, तेच वापरा. घरातले चमचे लहानमोठे असतात. बिनसुईची प्लॅस्टिकची छोटी पिचकारी औषधाच्या दुकानात मिळते, ती तान्ह्या बाळांना फार सोयीची. पण ती बघून सुईची आठवण होते. म्हणून आधी दिवसभर मुलाला तिच्यात पाणी भरून खेळू द्या, बाहुलीला, वासराला औषध पाजू द्या. मग मूल बसतं धरून गाल आणि हिरडी यांच्या मधे थोडं थोडं सोडायचं, गिळलं की पुढचं. घशाकडे नेम धरून उडवायचं नाही. कडू औषधाआधी बर्फाचा तुकडा चोखू दिला तर जीभ जरा बधिर होते. मुलाला निवड द्या, पण घ्यायचं की नाही अशी देऊ नका. आजीच्या मांडीवर की माझ्या, वाटीतून की पिचकारीतून, अशी द्या. पेलाभर दुधात औषध मिसळण्याचा मोह टाळा. मूल निम्मं दूध ठेवतं, मग औषध किती पोटात गेलं कळत नाही. शिवाय दुधावरचं मनही उडतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, औषधात नाही आणि गुटीतही नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला ती झेपत नाहीत. औषध ओकलं तर पुन्हा द्यायचं की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. विचारा.

आता शिक्षक मंडळींकडे वळतो, कारण वर्षातून दोनदा आमचं काम तुमच्या गळ्यात पडतं. देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, साधारणपणे फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. आपल्या भागात तिची गरज आहे. पाटाच्या पाण्यानं रान ओलं राहतं, मुलं अनवाणी हिंडतात, आणि अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतूनच शिरते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, दोन ते तीनच्या मुलाला पूर्ण, पण दोन चमच्यांमधे चुरून पाण्यात कालवून. त्यापुढच्या मुलांना पूर्ण गोळी, चावून खायची. अख्खी गिळायला लावू नका. आजारी असेल त्याला त्या दिवशी देऊच नका. राहिलेल्यांसाठी नंतर दिवस ठेवलेला असतो, तेव्हा संख्या भरण्यासाठी रडत्या मुलाच्या तोंडात गोळी कोंबायचं काही कारण नाही. आदल्या दिवशी वर्गात बत्तासे वाटा आणि "चावा, अजून चावा, आता पाणी" असा खेळ घ्या. भित्र्या मुलाला रांगेच्या शेवटी उभं करू नका. चाळीस जणांची तोंडं बघता बघता त्याचा जीव अर्धा होतो. आणि एक रडायला लागलं की सगळा वर्ग रडतो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

ही लागण केवढी पसरते त्याचं उदाहरण मुंबईत घडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीच्या एका पालिका शाळेतली बारा वर्षांची मुलगी वारली. शाळेत लोहाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. बातमी पसरताच शेकडो मुलांना मळमळ, पोटदुखी, चक्कर म्हणून इस्पितळात आणलं गेलं. त्या मुलीला क्षय होता, हे शवविच्छेदनातून पुढं आलं. बाकीच्या मुलांची पोटदुखी खोटी नव्हती हो. भीतीनं पोट खरोखरच दुखतं. म्हणून गोळी देण्याआधीच सांगावं की, जंत जास्त असले तर थोडी मळमळ होईल, पोटात जरा दुखेल, सावलीत पडून पाणी प्यायलं की बहुधा तासाभरात बरं वाटेल. नाही वाटलं तर मी आहे, दवाखाना आहे. आधी सांगितलेली मळमळ आणि न सांगता आलेली मळमळ, यांत फार अंतर असतं.

आणखी एक. फेब्रुवारीतला दिवस येतो तो ऐन गाळपाच्या हंगामात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इकडे कारखान्यांच्या आसपास आणि उसाच्या फडांच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात. बीडकडची, नगरकडची मुलं तिथं असतात आणि त्यांची नावं आपल्या हजेरीपटावर बहुधा नसतात. पगडी-टोपीवाला नाही, पण कुणी अनोळखी माणूस गोळी घेऊन आला की ती मुलं उसात पळतात. एकदा अंगणवाडीच्या एका ताईंबरोबर मी भल्या पहाटे, टोळी फडात जायच्या आधी, अशा कोप्यांवर गेलो होतो. ताईंनी गोळ्या मुलांच्या हातात दिल्याच नाहीत. प्रत्येक आईला चुलीजवळ बसवून गोळी समजावली, थोरल्या मुलांची आईच्या तळहातावर ठेवली आणि धाकट्यांची तिच्याकडूनच चमच्यात चुरून घेतली. एक बाई विचारत होती, "माझ्या हातनं दिली तर चालंल का? सरकारी हाय म्हणून इचारलं." चालतं म्हटल्यावर तिनं आधी स्वतःच्या जिभेला चुरा लावून बघितला, आणि मग लेकीला हाक मारली.