शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे काय?



अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे 2024 पर्यंतच्या अहमदनगरला, टर्बाइन नवे नाही. अकोले तालुक्यात ते भंडारदऱ्याच्या पाण्यावर फिरते. साखर कारखान्यांत ते उसाच्या चोथ्यावर निर्माण होणाऱ्या वाफेवर फिरते. परंतु वीजकेंद्रातील गॅस टर्बाइन शिकू पाहणाऱ्या येथील शेतमजुराच्या मुलाला घाट उतरून रायगड जिल्ह्यातील उरणला जावे लागते.

मुंबई हायच्या वायूवर वीज निर्माण करणारे उरणचे केंद्र 1982 साली सुरू झाले. आज तेथे प्रत्येकी 108 मेगावॅटचे 4 वायुसंच आहेत. त्यांच्या बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूपासून वाफ करून प्रत्येकी 120 मेगावॅटचे 2 संच चालतात. केंद्राची एकूण क्षमता 672 मेगावॅट आहे. वाया जाणाऱ्या उष्णतेचेही मोल ओळखणारी ही व्यवस्था आहे. माणसाच्या उमेदीचे मोल मात्र आपली औद्योगिक व्यवस्था अजून ओळखत नाही.

हे यंत्र पुस्तकातून शिकता येत नाही. हवा दाबायची, तीत वायू जाळायचा आणि तापलेल्या झोताने पाती फिरवायची, हे तत्त्व सोपे आहे. पण टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग हवा दाबण्यातच खर्ची पडतो. ज्वलनकक्षातून येणाऱ्या वायूचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. पात्यावरील बारीक तडा, धारव्यातील किंचित वाढलेला कंप, तेलाचा बदललेला रंग यांचा अर्थ जुन्या फिटरच्या शेजारी उभे राहूनच कळतो. म्हणूनच शिकाऊ उमेदवारी ही शिक्षणाची अत्यंत खरी पद्धत आहे.

त्या पद्धतीला 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने चौकट दिली. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही तीत आले. पण याच कायद्याचे कलम 18 म्हणते की, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. तोच यंत्रावर जखमी झाला, तर नुकसानभरपाईसाठी कायदा त्याला कामगारासमान मानतो. म्हणजे बोट तुटेपर्यंत तो विद्यार्थी आणि तुटल्यावर कामगार! ही विसंगती मालकवर्गाच्या सोयीची आहे. विद्यावेतनावर राबणारे हात दरवर्षी नवे मिळत असतील, तर कायम जागा भरण्याची निकड कोणाला भासेल?

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली, उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असताना प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे असे सांगितले. तथापि प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे. 2014 च्या दुरुस्तीने तर उमेदवारांना सामावून घेण्याचे धोरण प्रत्येक मालकाच्या मर्जीवर सोपवले आणि कायदा मोडणाऱ्याची कैदेची शिक्षाही काढून टाकली.

कामगार चळवळीचाही येथे दोष आहे. कायम कामगारांच्या संघटनेने फाटकाआतील या मुलाला पाहुणा मानले. तो सभासद नव्हता, म्हणून त्याचे गाऱ्हाणे कोणाचेच नव्हते.

तेव्हा तीन मागण्या घेऊन जिल्ह्यातील प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या दारात गेले पाहिजे. विद्यावेतन किमान वेतनाशी जोडले जावे. सार्वजनिक वीजकेंद्रांत तयार झालेल्या उमेदवाराला तेथील रिक्त जागेवर पहिला हक्क मिळावा. परगावाहून येणाऱ्या मुलाची राहण्याची सोय केंद्राने करावी. ती नसेल, तर ज्याच्या बापाला शहरात खोलीचे भाडे भरता येते, तोच शिकेल. आणि समान संधी केवळ जाहिरातीत उरेल.