लग्नघरची हळद आणि आपला धर्म

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल दिवशी पूर्वजांचे गुणगान करावे असा रिवाज आहे, आणि ते गुणगान यथार्थच आहे. परंतु उत्सवाचा दिवस हा आत्मपरीक्षणाचाही दिवस असतो. हिंदु शेजाऱ्यांच्या सहवासात, त्यांच्याच भाषेत व त्यांच्या-आपल्या समाईक चालीरीतींत राहून आपण आपला धर्म कसा आचरिला व पुढे कसा आचरावा, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

आपण वसईकर ख्रिस्ती लोक मिस्साला ‘देवळात’ जातो. हा शब्द आपल्या पणजीच्या तोंडी होता व धर्म स्वीकारल्यावरही तोच राहिला. पावसाळा सरता सरता पिकलेल्या भाताच्या पहिल्या लोंब्या आगेऱ्याच्या सणाला आपण देवळात नेतो. त्याच सुमारास आपला हिंदु शेजारी नव्या पिकाचा सण आपल्या घरी साजरा करतो. माती एक, पाऊस एक, कृतज्ञतेची भावनाही एक. ती कोणाच्या चरणी वाहावयाची, हे आपणांस आपल्या श्रद्धेने शिकविले. श्रद्धेने आपणांस परके केले नाही.

ही वाट दाखविणारा महापुरुष कोण, हे येथे सांगावयास नको. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी आपली भाषा लोकांवर लादली नाही; ते स्वतः मराठी शिकले आणि ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली प्रथम छापले गेले. नाव पुराणाचे, छंद मराठी संतांचा, स्वर्गास शब्दसुद्धा वैकुंठ हाच. परंतु गायिले ते प्रभु येशूचे चरित्र. पात्र देशी, आतील अमृत ख्रिस्ताचे.

खुद्द रोमच्या धर्मप्रसार मंडळानेही १६५९ साली पूर्वेकडील देशांत जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांस बजाविले होते, की ज्या चालीरीती धर्मास व सदाचारास उघड विरोधी नाहीत, त्या टाकण्यास लोकांस भाग पाडू नये. तेथे श्रद्धा न्यावी, युरोप नेऊ नये. पण शहाणपणाचा बोध झाला म्हणजे आचरण त्याच दिवशी सुधारते असे नाही. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनच्या न्यायासनाने हुकूम काढून ख्रिस्ती लोकांच्या लग्नातील ओव्या, वधूवरांस हळद लावणे, दारची तुळस, पुरुषांचे धोतर अशा कित्येक गोष्टींवर बंदी घातली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले, की अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही. आणि १९६९ साली भारतातील उपासनेत आरती, समई, हात जोडून नमस्कार इत्यादींस रोमची अनुमती मिळाली.

तेव्हा कोणी म्हणेल, वाद मिटला; आता जुने ते सर्व सोने! बंधूंनो, येथेच आम्हांस थांबावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ख्रिस्ती लग्नघरी हळदीस गेलो होतो. मांडव सजला होता, गाणी चालली होती, सवाष्णी एकेक पुढे होऊन नवऱ्या मुलास हळद लावीत होत्या. त्या मुलाची आई मात्र आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती. ती विधवा होती. तिला कोणी “येऊ नको” असे म्हटले नाही. म्हणावे लागलेच नाही. जिने मोलमजुरी करून त्या मुलास वाढविले, तिनेच आपण होऊन आपला हात मागे घेतला. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो, जेवलो आणि घरी आलो. ती गोष्ट अद्याप आमच्या मनास डाचते.

हळदीत पाप ते कसले? ती तर जमिनीतून उगवते. पाप होते त्या दाराआड. ज्या हुकमाने हळद काढून घेतली, त्याची आज आपण निंदा करितो. परंतु हळद परत आणिताना विधवेस अशुभ मानण्याची रूढीही तिच्या मागोमाग घरात आली, ती आपणांस दिसली नाही. जातीची गोष्टही तीच. एका परमप्रसादास बसणारे आपण लोक सोयरीक ठरविताना एकमेकांची जात विचारितो व हुंड्याचा आकडा बोलतो. ही रूढी मात्र आपण जिवापाड सांभाळिली! टाकू नये ते टाकिले आणि टाकावे ते राखिले, असे आपले झाले आहे.

म्हणून प्रत्येक रूढीस आपण दोन प्रश्न विचारावे. ईश्वराची आराधना ती दुसऱ्या कोणास देते काय? आणि ईश्वराच्या कोणा लेकरास ती हीन लेखते काय? दोहोंचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ती आनंदाने पाळावी; मग रांगोळी असो, मांडव असो की ओवी असो. पहिल्या प्रश्नाविषयी आपण फार जागरूक असतो. शेजारी गणपतीचा प्रसाद घेऊन आला म्हणजे घ्यावा की न घ्यावा, यावर घरोघरी वाद होतो. संत पौलानेही करिंथच्या मंडळीस मूर्तीपुढील नैवेद्याविषयी विस्ताराने लिहिले; त्याचा रोख असा, की मूर्तीच्या उपासनेत आपण सहभागी होऊ नये, आणि आपल्या खाण्याने दुर्बल बंधूच्या विवेकास ठेच लागू देऊ नये. शेजाऱ्यास नाही म्हणणे झालेच, तर ते हात जोडून, त्याच्या प्रेमाचा मान राखून म्हणावे. परंतु दुसरा प्रश्न आपण विचारीतच नाही, कारण त्याचे उत्तर आपल्याच घरात दडलेले असते.

शेवटी काना गावच्या लग्नाची आठवण देऊन हे भाषण पुरे करितो. संत योसेफ त्यापूर्वीच निवर्तले होते, असे ख्रिस्तसभेची परंपरा मानते. म्हणजे त्या मांडवात पवित्र मरिया उभी होती ती विधवा म्हणून. द्राक्षारस संपल्याचे प्रभूस सांगितले ते तिनेच. तिला कोणी दाराआड उभे केले असते, तर त्या घरची लाज कोण राखिता?

या धर्मग्रामात यापुढे जे पहिले लग्न होईल, त्या घरी विधवा माता असेल तर पहिली हळद तिच्या हाताने लागावी. ज्युबिलीचा एवढा एक संकल्प आपण आज वेदीपुढे करू या. काना येथे पाण्याचा द्राक्षारस करणारा प्रभु आपल्या रूढींचेही तसेच रूपांतर करो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. आमेन.