मोजणाऱ्यांचीं पदकें



पदक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रणांगणावरचा शिपाई उभा राहतो, नाहीं तर फड जिंकणारा मल्ल. टेबलाशीं बसून मेलेल्यांची व वांचलेल्यांची मोजदाद करणाऱ्या माणसाला कोणी पदक देत असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. परंतु अशीं पदकें आहेत, त्या लोकांच्या परिषदाही भरतात, आणि तेथें ठरलेल्या गोष्टी तुमच्याआमच्या घरांत अगदीं शेवटच्या घटकेस येऊन पोंचतात. वैद्यकाच्या संशोधनांत राबणाऱ्या या संख्याशास्त्रज्ञांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभ परिषदांपासून करूं. १८५३ सालीं ब्रुसेल्स येथें केतले नांवाच्या बेल्जियन पंडिताच्या खटपटीनें पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. तिच्यापुढें एक अडचण होती. एका देशांतले डॉक्टर एका मरणाला जें नांव देत, तें शेजारच्या देशांत कोणी ओळखीतही नसे. मग कोठें कोणत्या रोगानें किती माणसें मेलीं याची तुलना व्हावी कशी? सर्वांना चालेल अशी यादी करण्याचें काम लंडनचे विल्यम फार व जिनीव्हाचे मार्क देस्पिन या दोघांकडे सोंपविलें गेलें. दोघे १८५५ च्या पॅरिस परिषदेस याद्या घेऊन आले. पण एकाचें तोंड पूर्वेस तर दुसऱ्याचें पश्चिमेस! रोग शरीरांत कोठें होतो याला फार यांनीं महत्त्व दिलें होतें. देस्पिन यांनीं रोगाच्या प्रकृतीला. परिषदेनें दोन्ही याद्यांची खिचडी करून १३९ सदरांची तिसरीच यादी संमत केली. विद्वानांच्या सभांचा हा धर्मच आहे. पण हंसूं नका. या यादीवर पुढें चाळीस वर्षें खल चालला, आणि १८९३ मध्यें शिकागो येथें झाक बर्तियों यांनीं तयार केलेलें वर्गीकरण आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेनें स्वीकारलें. १९४८ पासून तें जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आहे व त्याची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली आहे.

मधल्या १८६० च्या लंडन परिषदेंत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची योजना वाचली गेली. हातांत दिवा घेतलेली त्यांची मूर्ति आपण क्रमिक पुस्तकांत पाहिलेली असते. पण त्यांचें खरें शस्त्र कोष्टक हें होतें, असें मला वाटतें. प्रत्येक इस्पितळानें रोगी किती आले, किती बरे झाले, किती दगावले, हें एकाच नमुन्यांत लिहावें, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें १८५८ मध्येंच त्यांना सभासद करून घेतलें होतें. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद.

याच संस्थेचें सर्वांत मानाचें पदक म्हणजे गाय पदक. विल्यम गाय हे स्वतः डॉक्टर. निरनिराळ्या धंद्यांचा कामकऱ्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा त्यांनीं आंकड्यांनीं शोध घेतला. १९५३ मध्यें तें सुवर्णपदक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना मिळालें. त्यांची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. हिल यांना डॉक्टर व्हावयाचें होतें. पण पहिल्या महायुद्धांत त्यांना क्षय जडला आणि ती वाट बंद झाली. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनीं टपालानें अर्थशास्त्राचा अभ्यास करून पदवी घेतली व आंकड्यांच्या दारानें वैद्यकांत प्रवेश केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरचें नवें औषध निघालें. इंग्लंडांत तें फार थोडें होतें. सर्व रोग्यांना पुरणें शक्यच नव्हतें. मग तें कोणाला द्यावयाचें? ओळखीच्याला? जो वांचेलसा वाटतो त्याला? हिल यांनीं यदृच्छेनें आंकडे मांडून चिठ्ठ्या बंद पाकिटांत घातल्या. पाकीट उघडेपर्यंत रोग्याला औषध मिळणार कीं नुसती विश्रांति, हें डॉक्टरलाही ठाऊक नसे. ५५ जणांना औषध मिळालें, ५२ जणांना नाहीं. सहा महिन्यांत पहिल्यांतले ४ दगावले, दुसऱ्यांतले १४. १९४८ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला. या औषधाला क्षयाचे जंतु लवकरच दाद देईनासे होतात, हेंही त्याच मोजणीनें उघड केलें. त्या १४ जणांच्या घरच्यांनीं हिल यांना काय म्हटलें असतें, हा विचार मनांतून जात नाहीं. पण औषध पुरेसें नसतां वशिल्यापेक्षां चिठ्ठी अधिक न्यायाची होती, असेंच माझें मत आहे.

पारितोषिकें बहुधा उशिरा येतात. संख्याशास्त्राचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक प्रथम २०१७ मध्यें डेव्हिड कॉक्स यांना दिलें गेलें, तें त्यांच्या १९७२ च्या एका निबंधासाठीं. उपचारानंतर रोगी किती काळ तगतो याचा हिशेब करण्याची त्यांची रीत आज जगभर चालते. २०२३ मध्यें तेंच पारितोषिक आपल्या सी. आर. राव यांना मिळालें. मूळ निबंध १९४५ चा. राव तेव्हां १०२ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ते निवर्तले! आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनाही गाय रौप्यपदक मिळालें होतें. माणसाला अन्न किती लागतें या प्रश्नावर पुण्याचे वि. म. दांडेकर यांच्याशीं त्यांचा मोठा वाद झाला. तो वाद दोघांच्याही पदव्यांहून मला अधिक मोलाचा वाटतो. सुखात्म्यांच्या नांवानें भारत सरकार आतां संख्याशास्त्राचें राष्ट्रीय पारितोषिक देतें.

आपल्याकडे ‘इंडियन सोसायटी फॉर मेडिकल स्टॅटिस्टिक्स’ ही संस्था १९८३ पासून आहे व तिचीं अधिवेशनें भरतात. माझा एक जुना विद्यार्थी एका इस्पितळांत हें काम करतो. मीं स्वतः मॅट्रिकपलीकडे गणित पाहिलेलें नाहीं, त्यामुळें त्याचीं सूत्रें मला कळत नाहींत. त्याचें दुःख मात्र कळतें. निबंधावर डॉक्टरांचीं नांवें सात असतात, आणि ज्यानें आंकडे तपासले त्याचें नांव आभाराच्या ओळींत, तेंही कधीं चुकीचें छापलेलें. “मास्तर, अधिवेशनाला मी व्याख्यानांसाठीं जात नाहीं,” तो मला म्हणाला, “माझ्यासारखेच दोनशे लोक एका ठिकाणीं दिसतात, म्हणून जातों.”

आतां, हें तुमच्या घरापर्यंत पोंचतें कसें तें सांगतों. माणूस गेल्यावर डॉक्टर जो दाखला भरतात, त्यांतल्या ओळी याच परिषदांच्या परंपरेंतून आलेल्या आहेत. प्रत्यक्ष कारण कोणतें, तें कशामुळें उद्भवलें, आणि त्याच्याही मुळाशीं काय होतें, असा तो क्रम आहे. पुष्कळदां पहिल्याच ओळींत “हृदयक्रिया बंद पडली” एवढें लिहून खालच्या ओळी कोऱ्या ठेवितात. हृदय कोणाचें बंद पडत नाहीं? २०२० सालीं भारतांत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा २२.५ मृत्यूंचेंच कारण डॉक्टरांनीं प्रमाणित केलेलें होतें. बाकीच्यांच्या बाबतींत माणूस गेला एवढेंच कळलें. तुमच्या घरीं तो प्रसंग येईल तेव्हां दुःखाच्या भरांतही एक करा: खालच्या ओळी कोऱ्या कां ठेविल्या, हें डॉक्टरांना विचारा.