मधुमेह-नियंत्रणात औषधनिर्मात्याचे स्थान



कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत बालवयात जडलेला मधुमेह म्हणजे मृत्यूचे आवतणच समजले जाई. आज हे औषध तालुक्याच्या गावीही मिळते. परंतु औषध हाती पडणे आणि ते योग्य रीतीने घेतले जाणे यांत बरेच अंतर असते. हे अंतर कमी करण्याचे काम ज्याच्या हाती आहे, तो म्हणजे औषधनिर्माता, अर्थात फार्मासिस्ट.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा रुग्ण डॉक्टरांकडे दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो. औषधाच्या दुकानात मात्र तो दरमहा येतो. रोजंदारीवर जगणारा मजूर तर आठ-आठ दिवसांच्याच गोळ्या नेतो. म्हणजे रुग्णाची सर्वांत अधिक वेळा गाठ पडते ती औषधनिर्मात्याशी. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने औषधे देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविले आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समुपदेशन करणे हा त्याच्या कार्याचा भाग ठरविला. गोळ्यांची पट्टी कापून पैसे मोजून घेणे, एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपत नाही.

एकच उदाहरण पुरेसे आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्शुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळते : दर मिलिलिटरला ४० युनिट आणि दर मिलिलिटरला १०० युनिट. दोहोंसाठी सिरिंज वेगळी असते. ४० ची लाल टोपणाची, तर १०० ची नारिंगी टोपणाची. २० युनिट घेणाऱ्या रुग्णाने १०० च्या बाटलीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर त्याच्या शरीरात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट! रक्तातील साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. उलट चूक झाली, तर २० ऐवजी ८ युनिटच मिळतात आणि साखर चढतच राहते. बाटली आणि सिरिंज एकमेकींशी ताडून पाहण्यास औषधनिर्मात्याला क्षणभरही पुरतो. पण त्या क्षणावर एका कुटुंबाचा आधार अवलंबून असतो.

साठवणीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते गोठता कामा नये; गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. विदर्भातील वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो आणि अनेक घरांत शीतकपाट नसते. अशा घरी पाणी झिरपणाऱ्या मातीच्या मडक्याच्या गारव्यात, कोरड्या डब्यात बंद करून बाटली ठेवावी, हा सल्ला मोलाचा ठरतो. उघडलेली बहुतेक इन्शुलिने साधारण चार आठवड्यांत संपवावी लागतात, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून देणे उचित.

गोळ्यांविषयीही असेच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकविले, तर घाम, थरथर, भोवळ ही लक्षणे दिसू लागतात. तेव्हा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून तत्काळ प्यावी. मात्र बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्यास दवाखान्यात न्यावे. एकादशी असो वा रमजानचा रोजा, उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावयास हवे, याची आठवण औषधनिर्माता देऊ शकतो. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, हेही त्यानेच वेळीच सांगावे.

सर्वांत घातक समजूत म्हणजे ‘साखर उतरली, आता गोळी कशाला?’ ही होय. साखर उतरली ती औषध, आहार आणि व्यायाम यांमुळे. औषध आपल्या मनाने थांबविले की ती पुन्हा चढते आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांवर मुकाट्याने घाला घालते. दरमहा येणारा रुग्ण दोन महिने फिरकला नाही, हे प्रथम औषधनिर्मात्याच्याच ध्यानात येते. अडचण पैशांची असेल, तर जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषधांची माहिती त्याने द्यावी, शासकीय रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

येथे एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. रोगनिदान करणे वा मात्रा बदलणे हे डॉक्टरांचे काम. शंका आली की रुग्णास त्यांच्याकडे परत पाठविणे, हीच औषधनिर्मात्याची खरी सेवा. अमेरिकेतील अ‍ॅशव्हिल या शहरात १९९६ पासून नगरपालिकेच्या मधुमेही कर्मचाऱ्यांना औषधनिर्माते नियमित सल्ला देऊ लागले, तेव्हा त्यांची साखर अधिक आटोक्यात आली आणि आजारपणाच्या रजाही घटल्या.

त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नव्हती. आपल्याकडे सुरुवात करण्यास दोन मिनिटांचे आस्थेवाईक बोलणेही पुरेसे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी असोत वा बाजारपेठेतील दुकानदार, प्रत्येकाने मधुमेही रुग्णाला औषधासोबत ही दोन मिनिटेही द्यावीत. आणि रुग्णानेही संकोच न करता ती मागून घ्यावीत.