आक्कांचा अंगठा

जयसिंगपूरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज विषय आहे पायाच्या अंगठ्याचा. हसू नका, आम्हीपण आधी हसलोच होतो. गटाच्या बैठकीत एका आक्कांनी अंगठ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "गुडघ्याचं ऐकलंय बाई, अंगठ्याचं काय नवीन?" आक्कापण हसल्या. पण हसताना त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

आक्कांनी हे सगळं रेडिओवर सांगायला परवानगी दिली आहे, नाव घ्यायला नाही. म्हणून आपण आक्काच म्हणू. वय ५४. निम्मं आयुष्य उसाच्या सरीत भांगलण करण्यात गेलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथं अंगठा पायाला जोडलेला असतो तिथं, चार-पाच वर्षं दुखत होतं. वर हाडाचा उंचवटा आला होता. अंगठा वर वळायचाच बंद झाला. मेडिकलमधून गोळी आणायची, खायची आणि सरीत जायचं, असं चाललं होतं. कोण काय म्हणालं तर, "पायाचा अंगठा कोण बघतंय? मी जातो की हळूहळू."

आता बघा, अंगठा का एवढा महत्त्वाचा. पाऊल टाकताना टाच उचलली की शेवटचा रेटा अंगठ्यावर येतो. आणि आपण बायका तर उकिडव्या बसतो. भांगलताना, धुणं धुताना, चुलीपुढं भाकरी थापताना टाचा वर, सगळा भार चवड्यावर आणि अंगठा मागं मोडलेला. दिवसातून किती वेळ, याचा हिशेब कुणी ठेवलाय? त्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली की हाडावर हाड घासतं. तो अंगठ्याचा संधिवात. साध्या एक्स-रेमध्ये दिसतो. मात्र अंगठा अचानक रात्रीत लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर ते युरिक ॲसिडचं दुखणं असू शकतं. त्याचं औषध वेगळं असतं. म्हणून आधी दाखवून घ्यायचं, मग गोळी.

आक्का मिरजेला गेल्या. आपल्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरजच. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लोकांची पावलं तिकडंच वळतात. हाडांच्या डॉक्टरांनी आधी ऑपरेशन सांगितलंच नाही. कडक तळव्याचे बूट घालायचे, उकिडवं बसायचं नाही, गोळ्या, एकदा सांध्यात इंजेक्शन. आक्कांनी बूट चार दिवस घातले. साडीवर बूट बघून गल्लीतली पोरं हसली म्हणून कोपऱ्यात ठेवले. त्या चार दिवसांत थोडा फरक पडत होता, हे त्यांनी आम्हाला ऑपरेशननंतर सांगितलं.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, सांध्याची दोन्ही हाडं स्क्रूनं एकमेकांना जोडून टाकायची. दुखणं जातं, काम टिकाऊ होतं, पण तो सांधा पुन्हा कधी वळत नाही. दुसरी, सांध्यात कृत्रिम तुकडा, म्हणजे इम्प्लांट बसवायचं. थोडी हालचाल राहते, पण तो तुकडा झिजू शकतो, सैल होऊ शकतो, मग पुन्हा ऑपरेशन. कष्टाचं काम असेल तर पहिली वाट बरी, असं डॉक्टरांचं मत होतं. आक्कांनी दुसरी धरली. का? तर जोडून टाकलं की उकिडवं बसता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, इम्प्लांट बसवलं तरी पूर्वीसारखं बसता येईलच असं नाही. ते वाक्य आक्कांनी ऐकलं, पण घेतलं नाही. आणि बरोबर गेलेल्या आम्ही दोघींनी तिथं काहीच विचारलं नाही, ही आमची चूक. इम्प्लांट नवं आहे म्हणून चांगलंच असतं असं नाही. अंगठ्यासाठीच्या एका कृत्रिम कूर्चेला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली होती, आणि २०२४ मध्ये कंपनीनंच ती बाजारातून परत घेतली. म्हणून विचारायचं: कोणतं बसवणार, किती वर्षांचा अनुभव आहे, बिघडलं तर पुढं काय? विचारलं म्हणून डॉक्टर रागवत नाहीत. रागवले तर दुसरे डॉक्टर आहेत.

पैशाचं सांगतो. गटातून १५,००० अंतर्गत कर्ज दिलं, बाकीचं त्यांच्या मुलानं उभं केलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक ऑपरेशन बसतंच असं नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भरती व्हायच्या आधी रेशनकार्ड दाखवून विचारायचं. नंतर विचारून उपयोग नसतो.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी साखर तपासली आणि विचारलं, "मिश्री लावता का?" आक्का गप्प. आम्हीपण गप्प, कारण आमच्यातल्या निम्म्या लावतात. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरायला वेळ लागतो. आक्कांनी मिश्री बंद केली. डोकं दुखतंय म्हणून आठ दिवस घरादाराला चावून खाल्लं, पण केली.

आता खरं बोलायचं ते पुढच्या सहा आठवड्यांचं. ऑपरेशन तासाभराचं असतं, घरचे त्यालाच मोठं समजतात. पहिले दोन आठवडे पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडायचं, उशांच्या चवडीवर. उठायचं ते फक्त मोरीपर्यंत, आणि तेही डॉक्टरांनी दिलेली कडक चप्पल घालून, टाचेवर भार देऊन. आता आपला संडास खाली बसायचा. तिथं काय करणार? हा प्रश्न ना डॉक्टरांनी काढला, ना घरातल्या पुरुषांनी. आम्ही सांगलीहून कमोडची खुर्ची आणि एक वॉकर गटाच्या पैशातून आणला. एवढ्या खर्चाला बैठकीत दोघींनी विरोध केला होता, ते रास्तच होतं, पैसा सगळ्यांचा आहे.

घरकामाची आम्ही पाळी लावली. सकाळची भाकरी एकीनं, पाणी भरणं एकीनं, धुणं तिसरीनं. दोन आठवडे छान चाललं. मग ऊसतोड सुरू झाली, एकीकडं पाहुणे आले, एकीची सून बाळंत झाली, आणि पाळी मोडली. आम्ही फोनवर विचारायचो, "बरं आहे ना आक्का?" त्या म्हणायच्या, "बरं हाय की." आम्हीपण तेच ऐकायला तयार होतो.

सोळाव्या दिवशी त्या धुण्याला बसल्या. टाके दोन दिवसांपूर्वीच काढले होते. जखम ओली झाली, एका कडेनं उकलली. कुणाला बोलल्या नाहीत, वर हळद भरून फडकं बांधलं. चार दिवसांनी नात म्हणाली, "आजीच्या पायाला वास येतोय." तेव्हा गाडी करून मिरज. नशीब, आत इम्प्लांटपर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं असतं तर ते काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जखम साफ केली, औषधं दिली, दहा दिवस पुन्हा पडून राहायला लावलं.

म्हणून लक्षात ठेवा. टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. लाली पसरली, पू आला, वास आला, ताप आला, की त्याच दिवशी दाखवायचं. हळद, चुना, कोणाचा पाला, काही लावायचं नाही. पोटरी सुजून दुखायला लागली तर थांबायचं नाही, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन. पडून राहिल्यानं कधी कधी पायात रक्ताची गुठळी होते, ती वर सरकली तर जीवावर येतं.

व्यायामाचं वेगळंच. इम्प्लांट बसवलं की डॉक्टर सांगतील तेव्हापासून अंगठा हातानं धरून हळूहळू वर-खाली करायचा, दिवसातून चार-पाच वेळा. नाही केला तर सांधा पुन्हा आखडतो, मग इम्प्लांटचा फायदा काय राहिला? आक्कांची नात पाढे म्हणायची आणि आजी दहा-दहा वेळा अंगठा वळवायची. दोघींचं काम झालं. हाडं जोडलेली असतील तर मात्र हा व्यायाम मुळीच करायचा नाही, म्हणून शेजारणीचं बघून काही करू नका.

सूज जायला आक्कांना पाच महिने लागले. तोवर आपली कोल्हापुरी चालत नव्हती. तळवा कडक आहे ते चांगलंच, पण तिचा अंगठ्याचा पट्टा नेमका टाक्यावर रुतायचा. कोपऱ्यातले बूट पुन्हा बाहेर निघाले. आता पोरं हसत नाहीत.

आज दहा महिने झाले. आक्का बाजारला चालत जातात, दुखत नाही. पण उकिडवं बसता येत नाही, म्हणजे भांगलण सुटली, आणि भांगलणीची हजेरीही सुटली. घरात त्यावरून दोन वेळा वाजलं. मुलगा म्हणाला, एवढा खर्च करून काम जमत नाही तर केलं कशाला? आम्ही त्याला बसवून विचारलं, "पाच वर्षं गोळ्या खाऊन तिनं तुला हजेरी आणून दिली, ती कुठल्या खात्यात धरलीस?" तो बोलला नाही. सध्या आक्का आमच्या चटणीच्या कामात आहेत, खुर्चीवर बसून मिरच्यांची देठं काढतात आणि वजनं करतात. भांगलणीएवढे पैसे मिळत नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र चुकलेले नाहीत, सात भरले, तीन राहिलेत.

कमोडची खुर्ची आणि वॉकर आता गटाकडंच आहेत. दोन्ही वस्तू सध्या एका मावशींकडं आहेत, त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. पुढच्या बैठकीपर्यंत मोकळ्या होतील. ज्यांना लागणार असतील त्यांनी बैठकीत सांगावं, नेताना वहीत सही करायची, परत आणताना धुऊन आणायचं.