शिधा न्या, चूल नको

आम्ही मुदखेडच्या बाया. आमच्यातल्या निम्म्याजणी फूलतोडीला जातात, काहींचं घरचं शेत आहे, दोघी शिवणकाम करतात. खरीप आटोपलं की गटाच्या बैठकीत यात्रेचा विषय निघतोच. आणि विषय निघाला की पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, "खायला काय न्यायचं?" माहूर, तुळजापूर, पंढरपूर असेल तर या प्रश्नाचं कुणी फार मनावर घेत नाही. तिथं भाकरी मिळते, नाही मिळाली तर कुणीतरी ओळखीचं निघतं. रामेश्वरचं तसं नाही, म्हणून आज फक्त रामेश्वरच्या शिदोरीचं बोलू.

रामेश्वर हे समुद्रातलं बेट आहे, हे पुष्कळजणींना तिथं जाईपर्यंत माहीत नसतं. बेटाचं नाव पांबन. १९१४ साली समुद्रावर रेल्वेचा पूल झाला, मोटारीचा पूल १९८८ साली झाला. रेल्वेचा जुना पूल थकला म्हणून डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या बंद होत्या, यात्रेकरूंना अलीकडच्या काठालाच उतरून पुढं बसनं जावं लागायचं. ६ एप्रिल २०२५ ला नवा पूल सुरू झाला. दोन किलोमीटरचा आहे, आणि जहाज आलं की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. आता गाडी थेट रामेश्वरपर्यंत जाते. ओखा-रामेश्वरम ही आठवड्याची गाडी आपल्या नांदेडवरून जाते. दीड-दोन दिवसांचा प्रवास धरा. म्हणजे जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस, बेटावर तीन दिवस. सात दिवसांचं पोट झालं.

तिथं भात, सांबार, इडली भरपूर. चपाती देणारी हॉटेलंही आहेत. पण ज्वारीची भाकरी मिळायची नाही, आणि भाकरीशिवाय तिसऱ्या दिवशी आपला जीव कासावीस होतो. शिवाय पैशाचंही आहे. बाराजणी निघाल्या, ताट शंभर रुपयांचं धरलं, दोन वेळा, तीन दिवस, तर सात हजार दोनशे झाले. फूलतोडीच्या मजुरीवर जगणारीला हा हिशेब कळतो. म्हणून शिधा न्यायचाच. त्यात आमचं दुमत नाही.

पण शिध्याबरोबर आपल्यातले लोक अजून एक गोष्ट बांधून घेतात. बाजारात मिळतो तो छोटा सिलिंडर, वर बसणाऱ्या शेगडीचा. "गाडीत चहा तरी होईल," म्हणतात. त्याबद्दल आज स्पष्ट बोलायचं आहे.

२६ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. लखनौहून १७ ऑगस्टला यात्रेकरूंचा एक अख्खा आरक्षित डबा दक्षिणेकडं निघाला होता. ही माणसं रामेश्वराच्याच दर्शनाला निघाली होती. मदुराई स्टेशनात तो डबा गाडीपासून सोडवून बाजूच्या रुळावर उभा केला होता. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला त्याला आग लागली आणि नऊ माणसं गेली. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता, त्यावर चहा करत होते, असं रेल्वेनं सांगितलं. मदुराईहून रामेश्वर काही तासांच्या अंतरावर आहे. देवाच्या दारापर्यंत येऊन गेली बिचारी.

त्यांना नावं ठेवायला आम्ही हे सांगत नाही. पहाटे उठल्यावर चहा लागतो, घरचा लागतो, हे आपल्याला का कळत नाही? पण घरातली शेगडी आणि डब्यातली शेगडी यांत फरक आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खाली बसतो, बाकड्यांखाली पसरतो, जिथं आपल्या पिशव्या, चादरी, झोपलेली लेकरं असतात. स्लीपरच्या खिडक्यांना गज, दारं दोन टोकांना, मधे सामान. पळायचं कुठून? चालत्या गाडीला हिसका बसला की उकळतं पातेलं कुणाच्या अंगावर जाईल, तेही सांगता येत नाही.

कायदाही कडक आहे. सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल, पेट्रोल, फटाके गाडीत नेता येत नाहीत. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइलच्या प्लगला विजेची किटली लावायलाही मनाई आहे. डब्यात कापूर पेटवून आरती करणारी मंडळीही आपण पाहतो. आरती म्हणा की, टाळ्या वाजवून म्हणा, देव ऐकतो. यात्रा कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरायच्या आधीच विचारा, स्वयंपाक कुठं करणार? "डब्यातच करू" म्हणाले तर त्या कंपनीला लांबूनच नमस्कार करा. आणि गाडीत कुणी शेगडी काढलीच तर लाजायचं नाही, १३९ नंबर लावायचा. भांडण झालं तर होऊ द्या.

आता प्रश्न राहिला, चुलीविना दोन दिवस खायचं काय? अहो, आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीनं यात्रेला जायच्या, त्यांनी सगळं शोधून ठेवलंय.

पहिल्या दिवसाला धपाटे. पण त्यात कांदा घालू नका, दह्यात भिजवू नका, ते संध्याकाळपर्यंतचेच. दुसऱ्या दिवसाला दशम्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या, दोन्ही बाजूंनी नीट खरपूस भाजलेल्या. दुधातल्या दशम्या मऊ राहतात हे खरं, पण उन्हाळ्यात आम्ही त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, भाजल्याबरोबर डब्यात भरायचं नाही. फडक्यावर पसरून पूर्ण गार करायचं, मग सुती कपड्यात बांधायचं. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की वाफेचं पाणी होतं आणि बुरशी धरते. भात, खिचडी, मसालेभात मुळीच बांधू नका. उबेत ठेवलेल्या शिळ्या भातात जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

त्यापुढं कडक भाकरी. पातळ थापून, मंद आचेवर पापडासारखी वाळवलेली. कोरडी राहिली तर आठवडा काय, त्याहून जास्त टिकते. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी. लसूण ओला घालू नका, भाजून घाला. आणि सातूचं पीठ विसरू नका. भाजलेले गहू, डाळवं, थोडी सुंठ-वेलची. गूळ आणि पाणी घालून कालवलं की जेवण झालं, भांडंसुद्धा एकच. लेकरं आणि दात नसलेल्या म्हाताऱ्या यांच्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. उपासवाल्यांनी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर न्यावेत. दळलेली भगर बांधून नेऊ नका. आपल्या मराठवाड्यात भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि जुनं, दमट पीठ हेच त्यात पुष्कळदा कारण असतं.

हे झालं गाडीतलं. बेटावर उतरल्यावर मात्र हिशेब बदलतो. धर्मशाळेत खोली घेताना फोनवरच विचारा, स्वयंपाकघर आहे का, गॅस त्यांचा की आपल्याला भाड्यानं, भांडी मिळतात का. काही ठिकाणी सोय असते, काही ठिकाणी खोलीत काडी ओढायलाही बंदी असते. सोय असेल तर कोरडा शिधा न्या. बाराजणींना तीन दिवसांसाठी, दिवसाला पाव किलोप्रमाणे, ज्वारीचं पीठ नऊ किलो. निघायच्या आदल्या दिवशीच दळून आणा, नाहीतर पीठ विरी जातं आणि परमुलखात भाकरी थापताना तुकडे पडतात. डाळ दोन-सव्वादोन किलो. आणि येसर. येसर ही आपल्या मराठवाड्याची खरी प्रवासी वस्तू आहे. पाण्यात कालवायचं, फोडणी द्यायची, उकळी आली की आमटी तयार, भाजीची वाट बघायची नाही. तांदूळ, भाजी, नारळ, केळी तिथं घ्या, ते ओझं इथून कशाला? बेटावरची हवा दमट, खारी. मीठ, चिवडा, कडक भाकरी सगळं दोन तासांत सादळतं. घट्ट झाकणाचे डबे हवेत, पिशव्या नकोत.

आणि आता जे बोलायचं आहे ते जरा टोचेल. यात्रेला गेलेली बाई समुद्र बघते कधी? आम्ही पाहिलंय. पुरुष मंडळी पहाटे पाचच्या स्फटिकलिंगाच्या दर्शनाला रांगेत, आणि बाया धर्मशाळेत कणीक मळत. मंदिरातल्या बावीस कुंडांचं स्नान करून ओल्या लुगड्यानं परत आल्या की पुन्हा भाकरी. धनुष्कोडीला जायची जीप सुटते आणि एक सून भांडी घासायला मागं राहते. १९६४ च्या डिसेंबरच्या वादळात धनुष्कोडी गाव वाहून गेलं, रेल्वेगाडी माणसांसकट समुद्रात गेली. ते ठिकाण तिनं बघायला नको? घरची चूल सोडून हजार कोस जायचं आणि तिथं जाऊन दुसऱ्या चुलीपुढं बसायचं, मग गेलो कशाला?

म्हणून आमचं गटाचं ठरलंय. बेटावर चूल दिवसातून एकदाच पेटणार, तीही संध्याकाळी. पाळी लावायची, कागदावर लिहून, चौघी-चौघींची. पुरुष सोबत असतील तर त्यांचीही नावं कागदावर येतील. भाकरी थापता येत नसेल तर भांडी घासता येतात. सकाळी सगळ्यांनी बाहेर इडली खायची. इडली वाफेवरची, गरम, स्वस्त, पोटाला हलकी. दुपारी दहीभात. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मला नाही उतरायचं ते." उतरतं हो. तिथलं काहीच तोंडात न घालणं हाही एक हट्टच आहे, आणि तो हट्ट पुरवायला दुसरी बाई राबते.

चार शब्द तोंडपाठ करा, दुकानात उपयोगी पडतात. पाण्याला तण्णी, तांदळाला अरिसी, डाळीला परुप्पु, मिठाला उप्पु. ताकाला मोर म्हणतात आणि दुधाला पाल. हसू नका. दुकानदार "पाल वेणुमा?" म्हणाला तर तो दूध हवं का विचारतोय. नको म्हणायला "वेंडाम".

पाणी सीलबंद किंवा उकळलेलं. कुंडांत पाणी गोड लागतं, पण ते स्नानाचं, पिण्याचं नाही. ओआरएसची पाकिटं आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून घेऊन ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेच्या आजाराच्या बायांनी गोळ्या आणि थोडं खाणं दोन्ही कमरेच्या पिशवीत ठेवायचं, सामानात नाही. दर्शनाची रांग कधी सरकेल सांगता येत नाही, आणि गोळी घेऊन उपाशी उभं राहिलं की चक्कर येते.

परतीची शिदोरी लोक विसरतात. कडक भाकरी आणि सातू यांचा अर्धा वाटा पहिल्या दिवशीच वेगळा बांधून त्यावर गाठ मारा, आणि ती गाठ गाडी परत पूल ओलांडेपर्यंत सोडू नका. उरलेलं पीठ-डाळ घरी ओढून आणायचं नाही, धर्मशाळेत मागून येणाऱ्या कुणाला तरी द्या. केळी तिथूनच घ्या, कच्चट बघून, म्हणजे नांदेड येईपर्यंत पिकतील.